तुरीच्या डब्यातलं रौप्यमहोत्सवी घड्याळ

आत्या, घड्याळ सापडलं.

तुझ्या तेराव्याच्या स्वयंपाकाला डाळ कमी पडेल म्हणून सुनीतानं माळ्यावरचा मोठा डबा खाली काढला. एरंडेल चोळून ठेवलेली तुरीची डाळ, वर कडुनिंबाचा पाला. तिनं खालपर्यंत हात घातला आणि ओरडलीच. मी बाहेर मांडववाल्याशी बोलत होतो, मला वाटलं पाल निघाली. आत गेलो तर तिच्या तळहातावर दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या पट्टीची गुंडाळी, तेलानं पिवळी पडलेली. ती आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून उलगडली. आत काय आहे ते वजनावरूनच कळलं होतं.

तुझ्या अंगावर घड्याळ नव्हतं, हे मला येऊन पोचल्यावर कळलं होतं. मी पोचलो तोवर सगळं उरकलेलं. युगांडाहून विमान मिळेपर्यंत लोकांनी तुला किती थांबवायचं? मी शेजारच्या पिंकीला विचारलं, "आत्याच्या हातातलं घड्याळ कुठंय?" ती गोंधळली. म्हणाली, "घड्याळ? आत्याबाई घड्याळ कुठं घालायच्या आता? मलाच टाइम विचारायच्या."

तेव्हा मला तुझे सगळे फोन आठवले.

प्रत्येक फोनला तुझा पहिला प्रश्न एकच, "तुझ्याकडं किती वाजले?" आणि मी मुद्दाम उलटा विचारायचो, "आधी तुझ्याकडं किती वाजले ते सांग, घड्याळात बघून." मग तू जरा वेळ लावायचीस. मागं काहीतरी कुजबूज ऐकू यायची. तू म्हणायचीस, "थांब, चष्मा न्हाई." मला वाटायचं, म्हातारी चष्मा शोधतेय. तू फोनवर हात ठेवून पिंकीला वेळ विचारत होतीस. इतके दिवस तू मला फसवलंस आणि मी इतका मोठा झालेला माणूस, मला एकदाही संशय आला नाही. सुनीता पोरांना घेऊन शेवगावहून तुला भेटायला यायची, तिनं एकदा विचारलं होतं म्हणे. तिला तू सांगितलंस, "हात सुजतोय बाई, पट्टा रुततो."

कारखान्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा कायम नोकरीतल्या प्रत्येकाला दिलेलं ते घड्याळ. पांढऱ्या डायलवर कारखान्याची निळी चिमणी, खाली बारीक अक्षरात रौप्यमहोत्सव, आणि सेकंदाचा काटा लालभडक. रोज किल्ली द्यायची. बायकांसाठी वेगळी घड्याळं मागवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तू कारखान्याच्या दवाखान्यात आया. तुलाही तेच थोराड, पुरुषाच्या मनगटाचं मिळालं. घड्याळं वाटणारा कारकून हसला होता, हे तूच रंगवून सांगायचीस. "बाई, तुम्हाला मोठं व्हईल," म्हणाला. तू म्हणालीस, "मग मनगट वाढवून आनते, थांबा." आणि चांभाराकडून पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घेतलीस.

डायल मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर. पेशंटचा हात हातात धरला की तुला मान न हलवता लाल काटा दिसायचा. डॉक्टर कधी यायचे, कधी नाही. तू मात्र असायचीस. बॉयलरवरचे, ऊस टाकायच्या गव्हाणीवरचे, साखरेच्या गोदामातले, सगळे येऊन तुझ्यापुढं हात करायचे. तू तीन बोटं ठेवायचीस, काट्याकडं बघायचीस आणि म्हणायचीस, "चालतंय." एवढंच. तेवढ्यावर माणूस उठून कामाला जायचा. कारखाना बंद पडला, दवाखान्याला कुलूप लागलं, वसाहतीतली निम्मी घरं ओस पडली, तरी संध्याकाळी तुझ्या ओट्यावर कुणीतरी हात पुढं करून बसलेलं असायचंच.

माझाही हात तूच धरलास. त्या दिवसाबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, आज बोलतो.

सातवीत मी शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, पळून आलो. गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं की माझी छाती अशी धडधडायची की पुस्तकातली अक्षरं हलायची. पोरं हसायची. एक दिवस मी दप्तर तिथंच टाकून घरी आलो. दादांनी, म्हणजे तुझ्या भावानं, मला बडवलं. "पळपुटा," म्हणाले. तू आलीस, काही विचारलं नाहीस. माझं मनगट तुझ्या मांडीवर घेतलंस, बोटं ठेवलीस आणि तुझ्या घड्याळाकडं बघत बसलीस. खूप वेळ. मला वाटलं, आता ही काहीतरी रोग सांगणार. तू म्हणालीस, "लई पळतंय. पन चालतंय की."

दादांना म्हणालीस, "ह्याला मी नेते. मारून छाती गप व्हती का कुनाची?"

बस्स. तुझ्या क्वार्टरमध्ये राहिलो, पुढं कारखान्यात लागलो, रसाची साखर होते त्या पॅनवर काम शिकलो. शाळेत जे जमलं नाही ते तिथं जमलं, कारण तिथं कुणी उभं राहून वाचायला लावत नव्हतं. आपला कारखाना बंद पडल्यावर त्याच कामाच्या जोरावर युगांडातल्या साखर कारखान्यात नोकरी मिळाली. आज माझी पोरं शाळेत उभी राहून धडाधडा वाचतात. त्यांना ठाऊकही नाही की हे सगळं कुठून सुरू झालं. मी सांगणार आहे. तुला आधी सांगायचं होतं.

तू म्हणशील, आता कशाला पाल्हाळ लावतोस. लावतो, आत्या. फोनवर कधी लावता आलं नाही. फोनवर आपण फक्त भांडलो.

ते घड्याळवाले सर तुझ्याकडं आले तेव्हापासूनचं भांडण. सावेडीला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, जुनी घड्याळं जमवणारे. कारखान्याची रौप्यमहोत्सवी घड्याळं शोधत ते वसाहतीत दारोदार हिंडले. कुणाचं बॉयलरच्या उष्णतेनं गेलं होतं, कुणाच्यात उसाचा रस शिरला होता, कुणी कारखाना बंद पडला त्या रागात फेकून दिलं होतं. तुझं तेवढं दवाखान्यात राहिल्यामुळं धड होतं. सरांनी भिंगातून बघितलं आणि त्यांचा आवाजच बदलला, असं तू सांगितलंस. "आजी, असं अख्खं मी कुठंच पाहिलं नाही. डायल मूळचं, काटे मूळचे. आता हे रोज घालू नका. घामानं डायल जातं. जपून ठेवा."

आणि मग तू मला फोन केलास. तुझा आवाजही बदललेलाच होता.

"ह्या घड्याळाला लई मागनी हाय म्हनं."

"असू दे. तू हातात घाल."

"घामानं जातं."

"जाऊ दे. तुझं घड्याळ, तुझा घाम."

"तुला काय कळतंय? त्याच्या पैशात तू हितं कायतरी टाकशील. रसवंती टाक, न्हाईतर गिरनी टाक. घड्याळावर घरी येशील."

"घड्याळावर बसून येऊ का? विमान आहे का ते?"

"चेष्टा करू नको, मेल्या."

"मग तूच वीक की सरांना."

"मला दिलेलं मी कसं इकू? कारखान्यानं मान दिलाय मला. मी तुला देनार, तू इक. म्हंजी देनारी मी, इकनारा तू. कारखान्याचं बी राह्यलं, तुझं बी झालं."

एवढा सरळ हिशोब होता तुझा. मी नुसता म्हणत राहिलो, विकायचं नाही, घाल. तू म्हणत राहिलीस, "तू ये, हातात देते, मग बघू." मी म्हणायचो, "येतो." एका सुट्टीला इथं युगांडाच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम निघालं. दुसऱ्या सुट्टीला करार नवा व्हायचा होता. मी तिकडं आलो आणि त्यांनी परत घेतलंच नाही तर, या भीतीनं पाय निघाला नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. विमान उशिरा निघालं तरी मला वाटतं नोकरी गेली. तू कधी म्हणाली नाहीस, सगळं टाकून आत्ताच ये म्हणून. म्हणाली असतीस तर आलो असतो का? हा प्रश्न मी इथं पॅनवर उभा असताना रोज स्वतःला विचारतो आणि रोज उत्तर द्यायचं टाळतो.

आणि तू घड्याळ जपायला घेतलंस.

जपणं तुला एकाच तऱ्हेनं ठाऊक होतं. डाळ वर्षभर टिकवायची तर तिला एरंडेल चोळायचं, उन्हात तापवायची, डब्यात पाला घालून झाकायची. किडा लागत नाही, दमटपणा धरत नाही. घड्याळालाही तू तेच केलंस. नुसतं पुसलं नाहीस, चांगलं चोळलंस; पट्टी तेलात भिजवून गुंडाळलंस आणि डाळीच्या पोटात ठेवलंस, चोरालाही सापडू नये आणि हवाही लागू नये म्हणून. काचेच्या कडेला केसाएवढी जुनी चीर होती, ती तुला कुठली दिसणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन तू "तू आल्यावर करू" म्हणून पुढं ढकललेलं. त्या चिरेतून तेल आत गेलं. सावकाश, उन्हाळ्या-उन्हाळ्यानं. पांढरं डायल वरच्या अंगाला पिवळं-तपकिरी झालं आणि यंत्र चिकटून बसलं.

तुझ्या मोबाईलमध्ये "घड्याळवाले सर" म्हणून नंबर होता. मी लावला. ते बिचारे एसटीनं आले, तुझ्या फोटोला नमस्कार केला, मग खिशातून भिंग काढलं. बघितलं आणि भिंग खाली ठेवलं.

मी म्हणालो, "तेल लावलं तिनं. जपायला."

सर म्हणाले, "मीच म्हणालो होतो ना, जपून ठेवा. कसं जपायचं ते सांगितलंच नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "डायल गेलं. हे आता कुणी घेणार नाही. सॉरी."

मला त्यांचा राग आला नाही. तुझाही आला नाही. राग आला तो त्या सगळ्या दिवसांचा, ज्यात तुझं मनगट रिकामं होतं. डायल जायचंच होतं, तर ते तुझ्या घामानं गेलं असतं तर काय बिघडलं असतं? रोज सकाळी किल्ली दिली असतीस, ओट्यावर आलेल्यांचे हात धरले असतेस. पिंकी म्हणाली, तू नंतर नंतर लोकांना परत पाठवायचीस. "काटा न्हाई बाबा हाताशी, काय बघू?" तुझं ते एक काम होतं, तेही तू माझ्यासाठी डब्यात बंद करून ठेवलंस.

एक गोष्ट मला कधीच कळणार नाही. पिंकी सांगते, दसऱ्याला तू डबा उतरवून घड्याळ बाहेर काढायचीस, त्याला हळद-कुंकू वाहायचीस आणि परत ठेवायचीस. तेव्हा तुला तो डाग दिसला होता का? दिसत नव्हता, असंच मी धरून चाललोय. दिसला असता तर तू "घड्याळावर घरी येशील" हे शेवटपर्यंत म्हणत राहिली नसतीस. का मला बरं वाटावं म्हणून म्हणत होतीस? जाऊ दे.

सरांनीच श्रीरामपूरचा एक घड्याळजी सांगितला. मी तिथं गेलो. त्यानं मागचं झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडं वर बघितलं.

"साहेब, घड्याळाला फोडणी दिली काय?"

मी हसलो, आत्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि मग दुकानातच डोळ्यांत पाणी आलं. तो बापडा घाबरला. "चालू करून देतो हो," म्हणाला. "तेल साफ निघंल. डायलचा डाग तेवढा राहील, त्याला हात लावला तर चित्रच निघून यायचं." मी म्हणालो, डाग राहू दे.

घड्याळ चालू झालं. तो डाग कुठं पडलाय माहितीये? बरोबर चिमणीच्या तोंडावर आणि तिथून वर, पसरत गेलेला. सुनीता बघून म्हणाली, "अहो, चिमणीतून धूर निघाल्यासारखं दिसतंय." बंद पडलेल्या कारखान्याचं बॉयलर तू एरंडेलावर पेटवलंस. तुला सांगितलं असतं तर तू माझ्या पाठीत धपाटा घातला असतास.

इथपर्यंत ठीक होतं. मग युगांडाला परत यायच्या आधी सरांचा फोन आला. आवाज अवघडलेला. "एक विचारू? माझ्याकडे हेच घड्याळ आहे. डायल स्वच्छ, पण त्याचा लाल काटा तुटलाय. तो काटा कुठंच मिळत नाही. तुमचा मला द्याल? तुमच्या घड्याळाला मी साधा काटा बसवून देईन, वेळ तेवढीच दाखवील. आणि काट्याचेही मी तुम्हाला चांगले पैसे देईन."

मी दोन दिवस मागून घेतले. सुनीता म्हणाली, "द्या की. आत्यांची इच्छाच होती ना, त्या घड्याळाचं तुम्हाला काही मिळावं." दादा आता थकलेत, ते म्हणाले, "काट्यानं काय होतंय? घड्याळ तर राहतंय." सगळं पटण्यासारखं. तूही हेच म्हणाली असतीस. तू तर ओरडली असतीस, "दे! दे आधी, तो माघारी फिरायच्या आत!" मला तुझा आवाज कानात स्पष्ट ऐकू येत होता. रसवंती काही त्यात उभी राहिली नसती, पण तुझा शब्द थोडा तरी राहिला असता. तू माझ्यासाठी रिकाम्या हातानं राहिलीस, आणि त्या रिकाम्या हाताचं मी काहीच केलं नाही, असं व्हायला नको होतं.

मी मनगटावर घड्याळ बांधलं, चांभाराच्या त्या आतल्या भोकात नाही, माझ्या मनगटाला बसेल अशा बाहेरच्या. डायल आतल्या बाजूला, तुझ्यासारखं. लाल काटा चिमणीच्या धुरातून फिरत होता. आणि मला कळलं की वेळ सांगायला ते दोन मोठे काटे पुरतात. तू लाल काट्याकडं बघून कधी वेळ सांगितलीच नव्हतीस. तो काटा तू फक्त माणसांसाठी वापरलास.

सरांना नाही म्हणालो. एवढ्या भल्या माणसाला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं. सर म्हणाले, "बरं केलंत. तुम्ही दिला असता तर मी घेतला असता, आणि मग त्या आजी माझ्याकडे बघतायत असं वाटत राहिलं असतं."

तर आत्या, असं आहे. मी तुझं ऐकलं नाही. घड्याळ विकलं नाही, घरीही आलो नाही. परत इथंच आहे, या लाल मातीच्या मुलखात. आपलं भांडण संपलेलं नाही, आणि ते आता माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलंय, दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. रसवंतीचं म्हणशील तर, पोरांचं शिक्षण एका वळणावर आलं की मी येणार आहे. हे मी तुला आधीही म्हणालो होतो. तेव्हाही खरंच म्हणालो होतो.

काल इथल्या ऑफिसातून बोलावणं आलं. कराराचं काहीतरी, उद्या या म्हणाले. झालं, माझी छाती सुरू झाली. पॅनच्या कडेला एक लोखंडी पायरी आहे, तिच्यावर जाऊन बसलो. आधी तुला फोन लावायला मोबाईल काढला. काढल्यावर लक्षात आलं.

मग डावा हात मांडीवर ठेवला. उजव्या मनगटावर घड्याळ, डायल आत. डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली, तू ठेवायचीस तिथंच. लाल काटा फिरायला लागला. लई पळत होतं आत्या, लईच. बरोबरच्या माणसानं लांबून विचारलं काय झालं, मी मान हलवली आणि काट्याकडं बघत राहिलो. घाई केली नाही. तूही कधी केली नव्हतीस.

चालतंय, असं मला स्वतःला म्हणता येईपर्यंत मी हात सोडला नाही.